टिप्याची मोठी आई

घरात नवी वस्तू आली की मोठी आई आधी ती आमच्या टिप्या कुत्र्यासमोर ठेवायची. झाडू, टोपलं, जावयाचे नवे बूट, काहीही. टिप्या हुंगायचा, पाय वर करायचा, मग ती त्यावर तांब्याभर पाणी ओतून म्हणायची, "झालं त्याचं. आता वापरा बाप्पा." अडवलं तर हा लपून करतो, समोर केलेलं निदान धुता येतं, असं तिचं म्हणणं. जावई मात्र वर्षभर आमच्याकडे फिरकले नाहीत.

ती माझ्या वडिलांची मोठी वहिनी. घाटंजीजवळच्या आमच्या खेड्यात तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. टिप्याला ती सकाळी गोठ्यामागे न्यायची, तेव्हा तिने पाठ फिरवून उभं राहायचं असा त्याचा नियम होता. मग तो चार गिरक्या घेऊन बसायचा. तिने चुकून वळून पाहिलं की साहेब तसेच उठून घरी. गाव हसायचं. "त्याले लाज हाये," ती सुनवायची, "तुमच्यावानी टमरेल घेऊन रस्त्यावर नाई बसत तो."

त्या वर्षी कापसाचा भाव पार कोसळला होता. भाव चढेल या आशेवर सगळ्यांनी कापूस घरातच ठेवला होता. आमची पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती आणि आम्ही पोरं त्यावरच झोपून रात्रभर अंग खाजवायचो. मोठेबाबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, बजावलं होतं, "याचा एक थेंब कापसाले लागला, तं झरीच्या जंगलात सोडून येईन याले." आणि ते बोलले की करायचे.

त्यांचं भय खोटं नव्हतं. वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी मारत. ओल लागली की घेणारा तोच संशय घ्यायचा. मोठी आई तर पाणी मारणाऱ्यांच्या घरचा चहासुद्धा पीत नसे.

टिप्याने अख्खा हिवाळा ढिगाकडे पाहिलं नाही. मग शेवटच्या वेचणीचा कापूस आला आणि आम्ही तो दाराशीच ओतला. त्याच्या लेखी ती नवी वस्तू होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिग्रसच्या व्यापाऱ्याचा माणूस आला. त्याने दाराजवळच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला आणि जमलेल्या लोकांना दाखवत म्हणाला, "पानी मारलं वाटते, काकाजी."

मोठेबाबांची मान खाली गेली. टिप्या बाजेखाली शिरला. ते पाहून मोठी आई काय ते समजली. ती गप्प राहिली असती तर भाव थोडा तुटला असता, पण टिप्या वाचला असता.

ती पुढे आली. "पानी? माह्या कापसाले? हुंगून पाह्य तो हात!"

त्याने हुंगला. त्याचं तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

"कुत्रा मुतला हाये. मी पानी मारनारी बाई नोहे!"

लोक खो खो हसले. ओला कापूस तिने टोपल्यात काढला आणि बाकीचा त्याला कोरडा म्हणूनच घ्यायला लावला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आता जंगलात सोडाचं असन, तं दोघाईलेबी सोडा."

संध्याकाळी टिप्याला गोठ्यामागे मोठेबाबाच घेऊन गेले, आणि पाठ फिरवून उभे राहिले.

टिप्या म्हातारा होऊन गेला तेव्हा मोठेबाबांनी गोठ्यामागेच खड्डा खणला. "कुत्र्यासाठी एवढं रडतेस काहून?" शेजारीण म्हणाली. "मी रडून राह्यली, तुह्यं काय जाते?" मोठी आई कडाडली. माती लोटायची वेळ आली तशी तिने खड्ड्याकडे पाठ केली आणि आम्हालाही दटावलं, "फिरा तिकडं. त्याले पाह्यलेलं चालत नाई."

आम्ही सगळे पाठ फिरवून उभे राहिलो.