निपाणीच्या वाळूतली जीप

जीपच्या सीटांचं कापड उन्हात तापलं, की त्यातून अजून तंबाखूचा वास येतो. आज दुपारी तो आला आणि मी पुन्हा निपाणीजवळच्या नदीच्या वाळूत जाऊन उभा राहिलो.

माझे थोरले भाऊ, अण्णा, नुकतेच फौजेतून घरी आले होते. त्यांचा फौजेतला जोडीदार, कंग्राळी गावचा, राजस्थानच्या वाळवंटात गाडी रुतून पाण्यावाचून जिवानिशी गेला होता. ती जागा बघायचा ध्यास त्याच्या आईनं, आक्कानं घेतला होता. म्हणून तंबाखू वाहून थकलेली ही स्वस्तातली जीप आम्ही पारखत होतो.

अण्णांनी ती मुद्दाम वाळूत रुतवली. मग उतरून चारी चाकांतली हवा कमी केली.

"अवो, चांगली हवा कशाला काढतायसा?" मालक कळवळला.

"वाळूत चाक पसरलं पायजे," अण्णा म्हणाले.

चारी चाकांचा गिअर टाकताच जीप हलली, सावकाश बाहेर आली. आम्ही टाळ्या पिटल्या. आक्का मात्र पुढं झाली. नवी गाय दारात आल्यावर तिच्या पायांवर ओततात, तसं तिनं तांब्यातलं पाणी चाकांवर ओतलं आणि बॉनेटवरून हात फिरवला.

"लई उशिरा आलीस गं," ती म्हणाली.

उन्हात ताटकळली म्हणून बोलत असेल, असं तेव्हा मला वाटलं होतं.