पँटचा हूक

आज सकाळी पँटचा हूक लागला आणि मला कळलंही नाही. मी बायकोशी बोलत होतो आणि हात आपलं काम करत होते. चहा गाळता गाळता तीच थांबली. म्हणाली, "अहो, बोलता बोलता लावलात."

पोट आत ओढून माणसाला बोलता येत नाही, हे मला सिगारेट सोडल्यावर कळलं. आपल्याकडे कुणी व्यसन सोडलं की लोक आनंदाने त्याला खाऊ घालतात. मेहुणीने बेसनाचे लाडू पाठवले, शेजारच्या काकूंनी पेढा भरवला, ऑफिसात माझ्या नावाने समोसे आले. धुराची रिकामी झालेली जागा सगळ्यांनी मिळून तुपाने भरली. हूक आणि कडीची गाठ पडेना.

"यापेक्षा ओढत होतो तेच बरं होतं," मी एकदा चिडून म्हणालो. दुसऱ्या दिवशी डब्यात काकडी आली आणि चहातली साखर गेली. जेवणानंतर मी टपरीवर न थांबता ऑफिसच्या इमारतीला फेऱ्या मारू लागलो. टपरीवरची सिगारेट पेटवायची धुमसती सुतळी दिसायची, पण पाय पुढे जायचे.

इतकी वर्षं श्वास आत घेतला तो धुरासाठी, नंतर हुकासाठी. आज तो नुसताच आत गेला आणि सावकाश बाहेर आला.

"चहा निवतोय," ती म्हणाली. मी घोट घेतला. तिने साखर घातली होती.