रंगावर डाग नाही

कळंबात लोक मला मोटारवाला म्हणून ओळखत, पण लढाईच्या त्या वर्षांत मी मोटार चालवली कमी आणि कावळे हाकलले जास्त. हे सांगताना अजून लाज वाटते, आणि पुढचं सांगताना लाजेहून वाईट काहीतरी वाटतं.

मालक धान्याचे अडते होते. त्यांनी हैदराबादहून गाडी आणली तेव्हा पेट्रोलला तोटा नव्हता. गाडी काळी कुळकुळीत, बॉनेटमध्ये तोंड दिसेल अशी. मालक रोज सकाळी त्यात बघून फेटा सारखा करत. मी सोलापुरात एका मिस्त्रीच्या हाताखाली राहून मोटार शिकलो होतो, म्हणून मी ड्रायव्हर. मग दुसरी मोठी लढाई लागली, पेट्रोल मिळेना आणि गाडी महिना महिना अडतीच्या आवारात उभी राहू लागली. छपरीत ज्वारीची पोती भरलेली, ताडपत्री त्या पोत्यांवर. जुनी जाजमं टाकून बघितली, तर त्यांच्याखाली धूळ अडकून रंगावर रेघोट्या उठल्या. गाडी उन्हात ठेवावी तर रंग तडकणार, लिंबाखाली ठेवावी तर पाखरं हगणार. इकडं आड, तिकडं विहीर. मी लिंबाखाली लावली.

"गाडी फिरत न्हाय, तर रंग तरी संभाळ," मालक म्हणाले. "न्हायतर मला तुझी जरूरत काय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. घरात मी आणि माझी माय, दोघंच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि शेताचा तुकडाही नव्हता. गाडीचा रंग गेला असता तर आमची चूल गेली असती.

पहिल्याच डागाला मी अक्कल पाजळली. तांब्याला लावावी तशी चिंच लावली आणि वरून राखेनं घासलं. डाग गेला आणि त्याच्याबरोबर रंगही गेला. रुपयाएवढी पांढुरकी जागा उरली. मालकांनी ती जागा आणि त्या रेघोट्या पुन्हा रंगवून घेतल्या, पण पुढच्या डागाला माफी नाही असं बजावून. मी सोलापूरच्या मिस्त्रीला निरोप धाडून विचारलं, तेव्हा त्यानं शिव्यांसकट उत्तर पाठवलं. कोरडं पुसायचं नाही आणि घासायचं तर नाहीच. ओलं फडकं त्या घाणीवर ठेवायचं, एक बिडी ओढून होईस्तोवर दम धरायचा, सगळं भिजून सुटलं की अलगद उचलायचं. पाखरांच्या शिटेत वाळूसारखी बारीक खर असते, ती ओढली की कायमची रेघ उठते. हे सगळं ऊन चढायच्या आत करायचं, कारण दुपार झाली की घाण रंगात उतरते. मग मऊ फडक्यानं पुसून वर मेणाचा हात द्यायचा. फडकं नव्या कापडाचं चालत नाही, धुऊन धुऊन विरलेलं लागतं.

एवढं विरलेलं कापड आमच्या घरात एकच होतं, मायचं तांबड्या काठाचं लुगडं. तिनंच ते फाडून चार फडकी करून दिली.

"घे," ती हसून म्हणाली. "म्या न्हाय तर माझं लुगडं तरी मोटारीत बसंल."

मोटारीत बसून येरमाळ्याच्या येडेश्वरीला जायचं, ही तिची एकच हौस होती. येडाईला ती दर वर्षी चालत जायची. मी मोटार शिकून आल्यापासून मात्र ती शेजारणींना सांगत फिरायची की आता पोरगा नेणार आहे.

चिमण्या-साळुंक्यांचं मला काही वाटत नव्हतं, त्या टाळी वाजवली की उडत. कावळे हटेनात. लिंबोळ्या पिकल्या की सगळा थवा तिथं मुक्कामाला. मी गोफण घेतली. दिवसभर लिंबाखाली उभा राहून कावळे मारणारा ड्रायव्हर बघायला रस्त्यावर माणसं थांबत. एक दिवस एक कावळा लागला आणि खाली पडला. मी तो उलटा टांगला लिंबाच्या फांदीला. त्या दिवशी थव्यानं जो कालवा केला तो अजून माझ्या कानात आहे.

लिंब मोकळा झाला, पण कावळ्यांनी मला सोडलं नाही. मी बाजारात निघालो की दोन-चार डोक्यावरून ओरडत यायचे, टोपीला चोच मारायचे. टोपी बदलली, कोट बदलला, तरी ओळखत. बाजारातली माणसं हसायची, मीही हसायचो.

मायला मात्र हसू आलं नाही. ती रोज सकाळी पहिली भाकरी झाली की तिचा तुकडा भिंतीवर ठेवायची, कावळ्यासाठी. माझे वडील येतात, असं तिचं म्हणणं. आता तो तुकडा तसाच वाळायला लागला. मी घरात असलो की एकही कावळा भिंतीवर उतरत नसे, आणि पुढं पुढं मी नसतानाही उतरेनासे झाले. तुकड्याला मुंग्या लागायच्या.

"तुझ्या बापाला उपाशी मारलंस तू," ती एकदा म्हणाली. "लागंल रं शाप त्या पाखराचा."

"कावळ्याच्या शापानं गाय मरत नसती," मी म्हणालो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो.

त्यानंतर एकदा मालकांनी कुठूनसं पेट्रोल मिळवलं आणि मला रिकामी गाडी घेऊन येरमाळ्याला धाडलं, पाहुण्याला आणायला. मायला हे कुठूनतरी कळलं. मी निघालो तर ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी, धुतलेलं लुगडं नेसून, हातात ओटीची पिशवी. पाय मात्र मातीनं भरलेले. गाडी मी पहाटेपासून पुसली होती. पाहुणा मोठा होता, गाडी परत आली की मालक तिच्याभोवती फिरून बघणार होते.

"एवढ्या बारीला नको, माय," मी म्हणालो.

दाराच्या रंगावर तिनं नुसता हात ठेवला, देवाला लावतात तसा. हात काढला तेव्हा तिथं पंजा उमटला होता. मी खाली उतरलो, फडकं काढलं आणि तिच्यासमोर तो पंजा पुसला. तिच्याच लुगड्यानं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच मला आयुष्यभर सोसवलेलं नाही.

त्या हिवाळ्यात तिला ताप भरला आणि आठ दिवसांत ती गेली.

दहाव्याला आम्ही मांजरेच्या काठी बसलो. पिंड मांडला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. समोरच्या बाभळीवर दहा-बारा कावळे बसलेले, पण खाली एकही येईना. ऊन डोक्यावर आलं. लोहाऱ्याहून आलेली माझी मावशी, मायची धाकटी बहीण, रडत म्हणाली, "मोटारीत बसून येडाईला जायचं हुतं तिला. बोल की रं तसं."

मी हातात पाणी घेऊन सगळ्यांदेखत बोललो, "माय, तुझं लुगडं मोटारीत ठिवून येडाईला नेतो."

कावळे हलले नाहीत. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मी वर बघितलं आणि मला कळलं. ते पिंडाकडं बघतच नव्हते, माझ्याकडं बघत होते. अंगात कोट नाही, टोपी नाही, डोकं भादरलेलं, तरी त्यांनी मला ओळखलं होतं.

चक्कर येते असं सांगून मी उठलो आणि नदीच्या दरडीआड जाऊन पाठ करून बसलो. बिडी ओढून होईल एवढाही वेळ गेला नसेल. तिकडून ओरडा झाला, "शिवला! शिवला!"

मावशी धावत आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तुझ्या शब्दावर आली रं. मोटारीच्या शब्दावर आली."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात. तो माझ्या शब्दावर आला की मी उठून गेलो म्हणून आला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण दोन्हीकडून दोषी मीच. मायला जेवू घालायला तिच्या एकुलत्या एका पोराला तिथून तोंड काळं करावं लागलं. मावशीला हे सांगायची माझी छाती झाली नाही.

शब्द पाळण्यासाठी मी मालकांना एकदा विचारलं. पेट्रोल मिळालं की बघू, म्हणाले. मिळालं नाही. मग त्यांनी गाडीच विकायला काढली. हद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातून, बार्शीहून, एक व्यापारी आपला ड्रायव्हर आणि डब्यांतून पेट्रोल घेऊन आला. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "इतकी वर्षं उघड्यावर उभी आणि रंगावर एक डाग न्हाय. काय लावता हो?"

मालकांनी माझ्याकडं बोट केलं. इतकं कौतुकानं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मी सीटखालून फडकी काढून दाखवली आणि ओलं कसं ठेवायचं, कसं उचलायचं, ते सगळं त्याच्या ड्रायव्हरला शिकवलं. त्यानं फडकी घडी करून पुन्हा सीटखाली ठेवून दिली. मागून घ्यावीत असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण चार चिंध्यांसाठी काय बोलायचं, म्हणून ती गाडीबरोबर जाऊ दिली.

बार्शीचा रस्ता येरमाळ्यावरूनच जातो. तो ड्रायव्हर तिथं थांबला नसणार.