मुंबई पाऊण तासावर

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन औरंगाबादला ठरलं, तेव्हा माझी धाकटी बहीण मुंबईत होती आणि मी सासरी, देवगाव रंगारीला. मी दिवस उगवायच्या आत भाकऱ्या थापल्या, म्हशीचं दूध काढलं आणि पहिली एसटी धरली. दौलताबादच्या घाटात टायर बसलं. मागून आलेल्या गाडीत उभ्यानं धक्के खात मी दवाखान्यात पोचले, तर धाकटी आईच्या उशाशी बसलेली. तिच्या साडीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"विमानानं आली," आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती. "मुंबईत बसली की पाऊण तासात इथं." नर्स आली, तिलाही तेच. झाडू मारायला बाई आली, तिलाही. वाटेत टायर बसल्याचं मी सांगितलं, तर आई म्हणाली, "तुला काय, तू जवळच हायेस."

ते मला लई लागलं.

धाकटी आईला सफरचंद कापून देऊन संध्याकाळच्या विमानानं परत गेली. पुढं आठवडाभर डोळ्यात औषध मी घातलं, न्हाणीपर्यंत हात धरून मी नेलं. पण भेटायला येईल त्याला आई त्या सफरचंदाचं कौतुक सांगायची. चिकलठाण्याच्या विमानतळाकडून विमानाचा आवाज आला की विचारायची, "आपलीच असंल का?" नाय, ते दिल्लीचं, असं मी सांगून टाकायचे. ते कुठलं होतं, मला काय ठाऊक!

आई गेल्यावर दोन वर्षांनी भाचीचं लग्न निघालं. धाकटीनं मला विमानाचं तिकीट पाठवलं. खिडकीची जागा मिळाली. खाली शेतं बारीक होत गेली, चहा आला, आणि तो संपायच्या आत पट्टा बांधायला सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढंसं अंतर, आणि ही वर्षातून एकदा यायची!

धाकटी न्यायला आली होती. गाडीत बसल्या बसल्या मी तिला ते बोलून दाखवलं.

 ती बाहेर बघतच म्हणाली, "विमान पाऊण तासाचंच आहे, ताई. पण जाऊ का म्हणून विचारायला मला महिना महिना लागायचा. यांचा मूड बघून विचारावं लागायचं. तू कुणाला विचारून निघायचीस?"

"कुणाला नाय. सांगून निघायचे."

"मला ते कधी जमलं नाही."

तिची दया यायला हवी होती, तीही थोडी आली. पण पुढं ड्रायव्हर, तिच्या अंगावर रेशमी साडी, आणि हे असं शांतपणे बोलणं. मला वाटलं, हिचं दुःखसुद्धा माझ्यापेक्षा भारी.

तिच्या दिवाणखान्यात आईचा फोटो होता. मोठ्यानं हसताना काढलेला. आई कॅमेऱ्यासमोर हसली, असा एकही फोटो माझ्याकडं नव्हता. लग्नघरात पाहुणे चहा घेत होते, तिथंच मी तो मागितला.

धाकटीचा चेहरा उतरला. पण ती स्टुलावर चढली, खिळ्यावरून फोटो काढला, पदरानं काच पुसली आणि माझ्या हातात दिला. मी तो घेतला.