कंट्रोलचा कॉम्प्युटर

टॅक्सीच्या ऑफिसात तिला सगळे ‘कंट्रोल’ म्हणत. वायरलेसवर हाक मारायला काहीतरी हवं म्हणून ड्रायव्हरांनी सुरू केलेलं हे नाव इतकं चिकटलं, की तिचा नवराही घरात ‘कंट्रोल, माझी किल्ली कुठंय?’ असं विचारायचा आणि वर स्वतःच हसायचा.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे ते ऑफिस. गिऱ्हाइकाचं बुकिंग आलं की माइकचं बटण दाबून जवळच्या गाडीला पत्ता सांगायचा, हे तिचं काम. हॉर्न, खरखर आणि मागच्या सीटवरचं भांडण, या सगळ्यातून ड्रायव्हर काय म्हणतोय ते तिला बरोबर कळायचं. नवीन माणसाला तेच ऐकवलं, तर ‘हा घास तोंडात ठेवून बोलतोय का?’ असं तो विचारायचा. हल्ली मात्र निम्मी बुकिंग फोनवर येतच नसत. ती थेट स्क्रीनवर उगवत, आणि वाचून सांगावी लागत.

यंदा मालकांनी जुने कॉम्प्युटर मोडीत काढायचं मनावर घेतलं. बुकिंग ब्राउझरमध्ये उघडायचं, त्यामुळे खाली कुठली सिस्टीम आहे याने कामाचं काही अडणार नव्हतं. “बाई, तुमच्या टेबलावर तुम्हाला हवी ती घ्या,” मालक मोठ्या मनाने म्हणाले. “सोमवारी ऑर्डर द्यायचीय.”

झालं! ज्याने काही अडत नाही अशा गोष्टीवरून माणसं जितक्या हिरिरीने भांडतात, तितकी खऱ्या प्रश्नावरून भांडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. मालक स्वतः विंडोजवाले. “सगळं जग वापरतं, जग काय वेडं आहे?” हा त्यांचा एकमेव मुद्दा. कंट्रोलचा जावई मॅकवाला. आपल्या लॅपटॉपसाठी त्याने वेगळा मऊ फडका ठेवला होता, आणि इतक्या हळुवारपणे त्याने बाळाचं तोंडही कधी पुसलं नाही, अशी लेकीची तक्रार होती. तिसरा होता ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा माणूस. तो लिनक्सवाला. बॅगेवर, हेल्मेटवर, पाण्याच्या बाटलीवर त्याने लिनक्सची खूण असलेल्या पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं, म्हणून सगळे त्याला पेंग्विनच म्हणत. त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या तरी तो गाडी लिनक्सवरच आणायचा.

कंट्रोल मात्र सगळ्यांना एकच विचारत होती : “अक्षरं किती मोठी होतात?”

कारण तिच्या नजरेच्या अगदी मधोमध एक धुरकट ठिपका येऊन बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच पुसट व्हायचं, कडेचं मात्र छान दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की बाजूचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, आणि यावर चष्मा नाही. हे घरी माहीत होतं. ऑफिसात तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. मागे एका ड्रायव्हरचे कान गेले, तेव्हा मालकांनी त्याला गाड्या धुण्याच्या कामावर बसवलं होतं. प्रेमानेच बसवलं, पण बसवलं. तिला ही खुर्ची सोडायची नव्हती.

शनिवारी मालक जेवायला गेल्यावर तिने त्यांच्या विंडोजवर अक्षरं वाढवून पाहिली. रविवारी जावयाला कामाला लावलं.

“अजून वाढवा,” ती म्हणाली.

“आई, आता एकच शब्द मावतोय.”

“मावू दे. वाढवा.”

अक्षरं दोन्हीकडे हवी तेवढी मोठी होत. पण तेवढी केली, की गल्लीचं नाव स्क्रीनवर राहायचं आणि घरनंबर बाहेर जायचा. नंबर शोधायला पान सरकवावं, तर गल्ली गायब. जावई हिरमुसला, तेव्हा तिने “छान आहे हो तुमचं मशीन,” म्हणून विषय संपवला.

सोमवारी सकाळी पेंग्विन नमुन्याचा लॅपटॉप काखेत मारून हजर. त्याने तो सुरू केला मात्र, त्यातून कुणीतरी तावातावाने बोलायला लागलं. आवाज कसला, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा! मालक ओरडले, “अहो, बंद करा ते!”

पेंग्विन ओशाळला. “एका अंध मास्तरांसाठी तयार केलाय. स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. वेग त्यांच्या सवयीचा ठेवलाय, आपल्याला नाही कळायचा.”

“नेट जोडलेलं नाही म्हणतोय,” कंट्रोल आपल्या जागेवरून म्हणाली. “आणि बॅटरी संपत आलीय.”

पेंग्विनने वाकून स्क्रीनकडे पाहिलं आणि गुपचूप चार्जर लावला. “ताई, तुम्हाला हे कळलं?”

“आमचे ड्रायव्हर याच्याहून वाईट बोलतात.”

सगळे हसले. तीही हसली, पण तिचं लक्ष त्या आवाजावरच होतं. इतके दिवस ती डोळे अजून किती ताणता येतील तेवढंच बघत होती. कानांचा विचार तिच्या मनातही आला नव्हता.

पेंग्विनला तिने जिन्यात गाठलं, हळू आवाजात सगळं सांगितलं आणि विचारलं, “असं वाचणारं फक्त तुमच्या लिनक्सवरच आहे का?”

एवढी चालून आलेली संधी! पण माणूस सरळ होता. त्याने कान खाजवला आणि म्हणाला, “नाही ताई. तिन्हींत आहे. हा खरखरीत आवाजसुद्धा विंडोजवर बसवता येतो.”

“मग मला शिकवणार कोण?”

“बाकीच्यांतलं मला जेमतेम येतं. यातलं मात्र पक्कं येतं. रोज संध्याकाळी येऊन बसेन.”

“मग ठरलं.”

मला विचाराल तर सिस्टीम निवडायची हीच खरी रीत. अडल्यावर जो आपला फोन उचलेल, तो ज्या पक्षाचा, त्या पक्षात जावं.

आता मालक उरले. लिनक्स का हवं याची कारणं पेंग्विनने मागेच ढीगभर ऐकवली होती. फुकट आहे, हलकं आहे, जुन्या मशीनवरही पळतं. त्यातलं कुठलंही एक पुढे करून निभावलं असतं. ती मालकांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिला त्या थापेचा कंटाळा आला.

“मालक, मला दिसेनासं होतंय,” ती म्हणाली. “म्हणून वाचून दाखवणारा कॉम्प्युटर हवाय.”

मालकांचा चेहरा मऊ झाला. तिला नेमकी त्याचीच भीती होती. “अहो बाई, आधी नाही का सांगायचं? आपण तुम्हाला काहीतरी हलकं काम—”

“हलकं नको. आधी बघा तरी.”

पेंग्विनने नेट जोडलं, तिला दोन-चार कळा दाखवल्या आणि तिच्या सांगण्यावरून स्क्रीन काळा केला. बुकिंग आलं. तिचं बोट चुकलं आणि आवाज पानाच्या अगदी वरपासून सगळं वाचत सुटला. वायरलेसवरून ड्रायव्हर विचारत होता, “कंट्रोल, पत्ता?”

“थांब जरा,” ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून ड्रायव्हरांनी कधी ऐकला नव्हता. तिचे कान तापले. पेंग्विन मागे नखं खात उभा. तिने पुन्हा कळ दाबली, स्पीकरला कान लावला आणि गल्ली, घरनंबर, मजला, सगळं एका दमात माइकवर सांगितलं.

मालकांनी आपल्या स्क्रीनवर ते ताडून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि ऑर्डर लिहायला घेतली.

“लिनक्स तर लिनक्स,” ते म्हणाले. “आता स्क्रीन केवढा घालू? सगळ्यात मोठा?”

“स्क्रीन नको, मालक. आहे तोच पुरेल,” ती म्हणाली. “त्यापेक्षा कान दुखणार नाहीत असा चांगला हेडफोन घ्या. मला तो बरीच वर्षं लागणार आहे.”