आपलंच डांगर

काल मलकापूरच्या बाजारात लाल भोपळा, म्हणजे आमचं डांगर, चिरल्याचा गोडसर वास आला आणि शाळेचं पटांगण आठवलं. वर्गावर पत्रे घालायला घरोघरच्या वस्तूंचा लिलाव चालला होता. आईनं परसातलं डांगर हौसेनं दिलेलं. पण डांगरं सगळ्यांच्याच वेलाला. बोली कोण लावणार? तेवढ्यात माझ्या वडिलांनीच, दादांनी, हात वर केला.

"आवं, आपलंच हाय ते!" बायकांतून आई ओरडली.

"व्हय? मला तर लय झाक वाटलं!"

पटांगण खो खो हसलं आणि गावाला चेवच चढला. जो घेई, तो ते पुन्हा लिलावाला देई. वर्गावर पत्रे चढले.

तेव्हा वाटलं, दादांना घरचं डांगर ओळखू आलं नाही. आज कळतं, त्यांनी आईचं उतरलेलं तोंड ओळखलं होतं.