साडूंनी आखलेला काठ

जगातली प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी ठेवलेली आहे आणि ती हलवायला फक्त आपणच उरलो आहोत, अशी माझ्या साडूंची पक्की खात्री आहे. वनीकरण खात्यातून निवृत्त होऊन ते घाटनांदूरला एकटेच राहतात. आमच्याकडे आले की चहा येईपर्यंत अंगणातली तुळशीची कुंडी दोन हात पूर्वेला सरकलेली असते. एका लग्नात तर वारा कुठून येतोय ते पाहून त्यांनी अख्खी पंगत उठवली आणि उलट्या तोंडाने बसवली. वरबाप रागावला, पण पत्रावळी उडायच्या थांबल्या. खिशात सुतळीचा गुंडा आणि पिशवीत चुन्याची फक्की घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. झाडांशी अहोजाहो करून बोलतात, माणसांशी मात्र मोजकंच. माझी मेहुणी होती तेव्हा यांनी दिवसभर हलवलेलं सगळं ती संध्याकाळी गुपचूप जागच्या जागी ठेवायची. ती गेल्यापासून परत ठेवणारं कुणी नाही, म्हणून की काय, स्वतःच्या घरातलं काही हलवायचं त्यांनी सोडून दिलंय.

आमच्या गावामागच्या तलावावर भोई लोकांची वस्ती आहे. थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर फुगवलेल्या ट्यूबवर बसून ते मासे धरतात. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांच्यातले तिघे परत आले नाहीत. त्याआधीही अधूनमधून कुणी ना कुणी गेलंच होतं. त्या सगळ्यांची नावं कोरून पंचायतीने काठावर एक काळा दगड उभा केला आणि भोवतालची जागा सुधारायचं ठरवलं. साडूंचं नाव मीच सुचवलं. माणूस जरा घराबाहेर पडेल, एवढाच माझा हेतू.

ते आठ दिवस नुसते काठावर उन्हात बसून राहिले. कधी दगडाच्या या अंगाला, कधी त्या. सरपंचांना वाटलं, यांना ऊन लागलं. मग एक दिवस ते वस्तीत गेले आणि बायकांना विचारत सुटले, की धनी पाण्यावर गेल्यावर तुम्ही वाट बघत कुठं उभ्या राहता. एका म्हातारीने बोटाने दाखवलं. दगडापासून बरीच लांब, बाभळीपाशी उंचवट्याची जागा होती. तिथून पलीकडचा काठ दिसतो, असं ती म्हणाली. साडूंनी तिथे फक्की टाकली आणि सगळा आराखडा तिथूनच मांडला. उंचवट्यावर बसायला दगडी पायऱ्या, सावलीला करंज, माती धरायला वाळा, जाळी वाळवायला लाकडी खांब, आणि तिथून नावांच्या दगडापर्यंत एक साधी पायवाट. बाकी जमीन होती तशी.

सरपंचांना मात्र रंगीत दिवे, कारंजं आणि फोटो काढायला सिमेंटचा मोठा मासा हवा होता. बैठकीत साडू म्हणाले, "ज्यांना पाण्यानं नेलं, त्यांच्या नावापुढं पाण्याचं कारंजं काहून उडवायचं?"

सरपंच उठून गेले आणि काम थांबलं. साडूंनी भांडण केलं नाही, की अर्ज केला नाही. रोज सकाळी एसटीने येऊन एकटेच खड्डे खणायला लागले. करंजाच्या रोपांना "तुमी जरा दमानं घ्या" म्हणताना मी त्यांना ऐकलंय. पाचव्या-सहाव्या दिवशी वस्तीतल्या बायका घमेली घेऊन आल्या, मागोमाग पुरुषही आले. महिन्याभरात काठ झाला. सरपंच येऊन नुसते बघून गेले, पण पायऱ्यांचे दगड पंचायतीच्या ट्रॅक्टरमधूनच आले होते.

उद्घाटन वगैरे झालं नाही. एका संध्याकाळी वस्तीतल्या बायका सहज येऊन पायऱ्यांवर बसल्या. साडू एका टोकाला, त्यांच्यापासून लांब बसले होते. मी मोटारसायकलपाशी उभा होतो. त्या म्हातारीने विचारलं, "सायब, तुमचं कोण गेलतं पाण्यात?"

"पाण्यात न्हाई," साडू म्हणाले. "घरातच."

म्हातारी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पलीकडचे तराफे एकेक करून काठाला लागेपर्यंत दोघं तशीच बसली होती.

साडूंना घाटनांदूरला सोडायला निघालो. वाटेत एरवी ते रस्त्याकडेच्या एकूणएक झाडाची चौकशी करतात, त्या दिवशी एकाचीही केली नाही. दाराशी उतरल्यावर कुलपाला किल्ली लावता लावता म्हणाले, "चहा घेऊन जाता का?" इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. घरी पाहुणे यायचे होते, म्हणून मी उद्या येतो म्हणालो. "बरं," म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. चहा झाला, वाळ्याला पाणी किती लागतं यावर त्यांनी तासभर सांगितलं. मेहुणीचा विषय मी दोनदा काढून पाहिला. पण आदल्या संध्याकाळी त्यांना जे बोलायचं होतं, ते तोवर आत मिटलं होतं. अजूनही मी अधूनमधून जातो. चहा मिळतो.